कंपनीचे घर कोठे?

माणूस कोठे राहतो हे सांगणे सहसा अवघड नसते. ज्या घरात त्याची चूल पेटते, ज्या छपराखाली तो रात्री पाठ टेकतो, ते त्याचे घर. सरकारला त्याच्याकडून काही घ्यावयाचे असले, तर सरकारचा माणूस त्याच दारात येऊन उभा राहतो. कंपनीची गोष्ट निराळी आहे. तिला चूल नाही, अंथरूण नाही, उंबरठाही नाही. कायद्याने तिला व्यक्ती मानले आहे. ती करार करते, मालमत्ता बाळगते, फिर्याद लावते. परंतु ही व्यक्ती राहते कोठे, असे विचारले की कायदेपंडितही क्षणभर थबकतात. हा प्रश्न वरवर पाहता केवळ तात्त्विक वाटेल. वस्तुतः गेली दीडशे वर्षे राज्यांचे खजिने त्याच्या उत्तरावर भरत किंवा रिते होत आले आहेत. अनेक देशांत पसरलेल्या ज्या कंपन्यांना आज बहुराष्ट्रीय म्हणतात, त्यांच्या करआकारणीचा इतिहास हा बव्हंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

या इतिहासाच्या पहिल्याच पानावर हिंदुस्थानचे नाव आहे. बंगालमध्ये एक तागाची गिरणी होती. ताग बंगालचा, मजूर बंगालचे, यंत्रे बंगालच्या मातीत रोवलेली. मात्र गिरणीची मालक असलेली ‘कलकत्ता ज्यूट मिल्स’ ही कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती आणि तिच्या संचालकांच्या बैठका लंडनमध्ये भरत. इंग्लंडच्या कर-अधिकाऱ्यांनी कंपनीच्या सगळ्या नफ्यावर कर मागितला. कंपनीचे म्हणणे असे की, धंदा हिंदुस्थानात चालतो. तेव्हा इंग्लंडात जेवढा पैसा येतो तेवढ्यापुरताच कर द्यावा. १८७६ मध्ये लंडनच्या एक्स्चेकर न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. याच खटल्याबरोबर इटलीतील चेझेना येथील गंधकाच्या खाणींचा खटलाही निकालात निघाला, आणि दोन्हींत तत्त्व एकच ठरले : हात कोठे राबतात हे पाहावयाचे नाही, डोके कोठे आहे ते पाहावयाचे. डोके लंडनला, म्हणून घर लंडनला, म्हणून कर लंडनला.

त्या वर्षी हिंदुस्थानात प्राप्तिकर नव्हता. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये तो प्रथम लावला होता. पुढे तो उठला, पुन्हा बसला आणि १८७३ मध्ये परत उठला. तो कायमचा स्थिरावला तो १८८६ च्या कायद्याने. म्हणजे बंगालमध्ये मिळालेल्या नफ्यावर १८७६ साली बंगालचा खजिना काही घेत नव्हता, लंडनचा मात्र घेत होता. दादाभाई नवरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध मुंबईत वाचला, तोही याच १८७६ मध्ये. संपत्ती एका देशात निर्माण व्हावी आणि तिचा ओघ दुसऱ्या देशाकडे वाहावा, हे त्या निबंधाचे सूत्र होते. लंडनचे न्यायाधीश आणि मुंबईचे दादाभाई यांना एकमेकांच्या विचाराची गंधवार्ताही नसेल. तथापि एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू त्या वर्षी दोन शहरांत मांडल्या गेल्या, एवढे खरे.

लंडनमध्ये ठरलेले तत्त्व तीस वर्षांनी अधिक घट्ट झाले. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींची मालक असलेली ‘डी बीअर्स’ ही कंपनी किंबर्लीला नोंदलेली होती. तिच्या खाणी तेथे होत्या, मुख्य कचेरीही तेथे होती. परंतु संचालकांपैकी बहुतेक लंडनला राहत आणि महत्त्वाचे निर्णय तेथेच होत. १९०६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, कंपनीचे घर तिच्या मध्यवर्ती व्यवस्थापनाच्या आणि नियंत्रणाच्या ठिकाणी असते. नोंदणी कोठलीही असो. लॉर्ड लोरबर्न यांनी कंपनीची तुलना माणसाशी केली आणि म्हटले की, कंपनी जेवू-झोपू शकत नसली तरी तिला घर मांडता येते आणि व्यवहार करता येतो. हा विचार सुटसुटीत होता आणि इंग्लंडच्या खजिन्याला लाभदायकही होता, कारण त्या काळी जगभरच्या धंद्यांची डोकी बहुधा लंडनलाच असत.

पण तलवारीला दोन धारा असतात. डोक्यावरून घर ठरत असेल, तर डोके हलविले की घर हलते. आणि डोके हलविणे हे गिरणी किंवा खाण हलविण्यापेक्षा कितीतरी सोपे. ‘इजिप्शियन डेल्टा लँड’ या कंपनीने हे जाणले. ती इंग्लंडात नोंदलेली होती, परंतु तिने आपले सगळे नियंत्रण कैरोला नेले. लंडनमध्ये कायद्यापुरता पत्ता आणि भागधारकांची वही एवढेच उरले. १९२९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेच मान्य केले की, या कंपनीचे घर इंग्लंडात नाही. जे शस्त्र खजिन्याने घडविले, तेच कंपनीच्या हाती ढाल झाले.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात घेणे अवश्य आहे. उत्पन्न लपविणे, खोट्या वह्या ठेवणे, ही करचुकवेगिरी; तो गुन्हा आहे. उत्पन्न उघड दाखवून, कायद्याच्याच आधाराने ते अशा जागी ठेवणे की जेथे कर लागणार नाही, ही करटाळणी. चुकवेगिरी करणारा रात्री भिंत फोडून निसटतो. टाळणारा भर दिवसा दारातून बाहेर पडतो, कारण दार उघडे ठेवलेले असते. पहिल्याला पोलीस पुरतात. दुसऱ्यासाठी दारच बदलावे लागते, आणि बहुराष्ट्रीय धंद्याच्या बाबतीत ते दार दोन देशांच्या सरहद्दीवर असल्याने एकट्या देशाला ते बदलता येत नाही.

या दारातून डौलाने बाहेर पडलेले पहिले मोठे प्रवासी म्हणजे लिव्हरपूलचे व्हेस्टी बंधू, विल्यम आणि एडमंड. मांसाचा त्यांचा धंदा अनेक देशांत पसरलेला होता. गुरांचे कळप, कत्तलखाने, शीतगृहे, जहाजे आणि किरकोळ विक्रीची दुकाने, अशी सारी साखळी एकाच कुटुंबाच्या हाती होती. पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडातील प्राप्तिकराचा दर युद्धापूर्वी पौंडाला १ शिलिंग २ पेन्स होता; तो १९१८ पर्यंत ६ शिलिंगांवर गेला. वाढीची ही दिशा ओळखून व्हेस्टी बंधूंनी सरकारकडे सवलत मागितली. ती न मिळताच १९१५ मध्ये त्यांनी आपला मुक्काम ब्यूनस आयर्सला हलविला. फ्रान्सच्या खंदकांत इंग्लंडचे तरुण मरत असताना, त्या देशातील एक अत्यंत श्रीमंत कुटुंब कराच्या भयाने समुद्रापार गेले, ही गोष्ट अनेकांच्या जिव्हारी लागली.

युद्धानंतर प्राप्तिकराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे विल्यम व्हेस्टी यांनी साक्ष दिली. त्यांनी मांडलेला मुद्दा आजही कोणाला पुरता खोडता आलेला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जनावर एका देशात मारले जाते आणि त्याचे मांस, कातडे, चरबी कित्येक देशांत विकली जाते. मग नफा अमुक देशात झाला आणि तमुक देशात झाला नाही, हे कोण आणि कसे सांगणार? त्यांचा हेतू स्वार्थाचा होता. प्रश्न मात्र खरा होता. आयोगाने सवलत दिली नाही. १९२१ मध्ये या कुटुंबाने एक न्यास उभारला आणि परदेशातील मालमत्तेचे भाडे पॅरिसमधील विश्वस्तांकडे जाईल अशी व्यवस्था केली. दुसऱ्याच वर्षी विल्यम व्हेस्टी यांना सरदारकी मिळाली. ती व्यवस्था अनेक दशके टिकली. १९८० मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने उघडकीस आणले की, कुटुंबाच्या मालकीच्या खाटिकखान्यांच्या साखळीने १९७८ साली २३ लाख पौंडांहून अधिक नफ्यावर केवळ १० पौंड कर भरला होता. यात कोणताही गुन्हा नव्हता, ही त्यातील खरी शोचनीय गोष्ट.

व्हेस्टी यांनी विचारलेला प्रश्न राष्ट्रसंघापुढेही लवकरच आला. त्या वेळची तक्रार उलट बाजूची होती. एकाच उत्पन्नावर दोन देश कर लावतात आणि व्यापाराचा गळा आवळतात, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. नेदरलंडचे ब्रुइन्स, इटलीचे आयनाउदी, अमेरिकेचे सेलिग्मन आणि इंग्लंडचे सर जोसाया स्टँप या चार अर्थशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये राष्ट्रसंघाला अहवाल दिला, आणि १९२८ मध्ये जिनिव्हा येथे कराराचे नमुने सिद्ध झाले. त्यांतून जी वाटणी रूढ झाली ती स्थूलमानाने अशी : धंद्याचा नफा, ज्या देशात कंपनीची कायम स्वरूपाची पेढी असेल तेथे कराला पात्र, व्याज, लाभांश यांसारखे उत्पन्न मुख्यतः भांडवल पुरविणाऱ्याच्या देशात कराला पात्र. १९३३ मध्ये मिचेल कॅरोल यांनी त्यात आणखी एक तत्त्व घातले. एकाच मालकाच्या निरनिराळ्या देशांतील शाखा जणू परस्परांना अनोळखी व्यापारी आहेत असे समजावे, आणि त्यांच्यातील खरेदी-विक्री बाजारभावाने झाली असे धरून प्रत्येकीचा नफा ठरवावा.

कल्पना म्हणून हे तत्त्व निर्दोष आहे. तागाचा किंवा गव्हाचा भाव बाजारात विचारता येतो. पण औषधाच्या गुप्त कृतीचा भाव, प्रसिद्ध नाममुद्रेचा भाव, संगणकाच्या आज्ञावलीचा भाव कोणत्या बाजारात विचारावयाचा? ती वस्तू विकणारी एकच कंपनी आणि घेणारी तिचीच कन्या. मग असे होते की, कारखाना मोठ्या देशात असतो, त्याचे नाव एखाद्या बेटावरील कन्याकंपनीच्या मालकीचे असते, आणि ते नाव वापरण्याचे भाडे म्हणून कारखान्याचा नफा दरसाल त्या बेटावर जातो. कारखान्याच्या वहीत उरतो तो खर्च, आणि बेटाच्या वहीत साठतो तो नफा. बाप आणि लेक अनोळखी आहेत असे कायद्याने मानले, म्हणून ते अनोळखी होत नाहीत.

या वाटणीवर सगळे देश संतुष्ट होते असेही नव्हे. दुसऱ्या महायुद्धात युरोपचे प्रतिनिधी अडकलेले असताना १९४३ मध्ये मेक्सिको शहरात राष्ट्रसंघाच्या वतीने बैठक झाली. लॅटिन अमेरिकेतील देशांचा तीत भरणा होता. तेथे तयार झालेल्या नमुन्याने, उत्पन्न जेथे उगवते त्या देशाच्या हक्काला प्राधान्य दिले. १९४६ मध्ये बैठक लंडनला भरली आणि पारडे पुन्हा भांडवल पुरविणाऱ्या देशांकडे झुकले. नियम कोणते होतात हे पुष्कळदा टेबलाभोवती कोण बसले आहे यावर अवलंबून असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न दोन्ही अंगांनी अनुभवला. १९८२ मध्ये भारताने मॉरिशसशी कर-करार केला. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे, त्यांत मराठी कुटुंबांचेही वंशज ज्या बेटावर नांदतात, त्या देशाशी स्नेहसंबंध असणे स्वाभाविक होते. करारातील एका कलमानुसार मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे भाग विकून मिळविलेल्या भांडवली नफ्यावर कर लावण्याचा अधिकार केवळ मॉरिशसला होता. आणि मॉरिशस असा कर लावीतच नसे. १९९१ नंतर भारताचे दार परकीय भांडवलास उघडले, तेव्हा या कलमाची किंमत जगाला कळली. युरोप-अमेरिकेतील पैसा पोर्ट लुईस येथे एक पाटी लावून भारतात येऊ लागला, आणि अनेक वर्षे कागदोपत्री भारतातील सर्वांत मोठा परकीय गुंतवणूकदार हा चिमुकला देश ठरला.

१९८५ मध्ये मॅक्डॉवेल कंपनीच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने करटाळणीच्या कृत्रिम युक्त्यांवर कडक ताशेरे ओढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तर, कर कमी व्हावा अशी आपल्या व्यवहारांची मांडणी करण्यास प्रत्येक जण मोकळा आहे हे इंग्लंडातील १९३५ चे तत्त्व आता टाकून द्यावे, असे बजावले. तथापि २००३ मध्ये मॉरिशसचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने करार उचलून धरला. विकसनशील देशाला भांडवल हवे असेल, तर असे मार्ग राज्यकर्ते जाणूनबुजून मोकळे ठेवीत असतील आणि तो निर्णय त्यांचा आहे, असा त्या निकालाचा रोख होता. दार उघडे राहिले होते ते विसरभोळेपणाने नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

पुढचा प्रसंग मुंबईशी निगडित आहे. २००७ मध्ये व्होडाफोन या ब्रिटिश कंपनीने हाँगकाँगच्या हचिसन समूहाकडून भारतातील मोबाइल टेलिफोनचा धंदा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. धंदा भारतातला, ग्राहक भारतातले. पण प्रत्यक्षात विकला गेला तो केमन बेटांवरील एका कंपनीचा भाग. विकणारी कंपनी केमनची, घेणारी नेदरलंडची. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू मान्य केली. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने तो निकाल फिरविला. व्यवहार जसा आहे तसा पाहिला पाहिजे, आणि त्या वेळच्या कायद्यात अशा अप्रत्यक्ष विक्रीवर कर नव्हता, असे न्यायालय म्हणाले.

येथवर राज्यसंस्थेची बाजू सहानुभूतीस पात्र होती. पण त्याच वर्षी संसदेत कायदा दुरुस्त झाला आणि दुरुस्तीचा अंमल १९६२ पासून, म्हणजे पन्नास वर्षे मागे नेण्यात आला. दार बंद करणे हा राज्याचा हक्क आहे. परंतु काल उघड्या दारातून गेलेल्याला, ते दार कालही बंदच होते असे आज सांगणे, हा न्याय नव्हे. परदेशी लवादांनी २०२० मध्ये व्होडाफोन आणि केर्न या दोन्ही कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिले. अखेर २०२१ मध्ये नवा कायदा करून संसदेने मे २०१२ पूर्वीच्या अशा व्यवहारांवरील मागण्या सोडून दिल्या, वसूल केलेली रक्कम परत करण्याचे ठरविले. पुढील व्यवहारांपुरता कर कायम राहिला. मॉरिशसच्या कराराची दुरुस्ती मात्र रीतसर झाली. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी चर्चा करून ठरविले की, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भागांवरील नफा भारतात करपात्र राहील. एकाच राज्याने पाच वर्षांच्या आत दोन मार्ग अनुसरले. पहिल्याने पैसाही गेला आणि पतही गेली, दुसऱ्याने दोन्ही राखली.

दरम्यान कंपनीच्या घराचा प्रश्न एका विलक्षण टोकाला पोचला होता. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीपुढे अ‍ॅपल कंपनीच्या आयर्लंडमधील कन्याकंपन्यांची हकीकत आली. अमेरिकेचा कायदा कंपनीची नोंदणी कोठे झाली ते पाहतो. आयर्लंडचा त्या वेळचा कायदा, जुन्या डी बीअर्सच्या परंपरेतला, नियंत्रण कोठून चालते ते पाहत असे. यांपैकी मुख्य कंपनी आयर्लंडात नोंदलेली आणि कॅलिफोर्नियातून चालविलेली. त्यामुळे ती अमेरिकेच्या दृष्टीने आयर्लंडची आणि आयर्लंडच्या दृष्टीने परकी होती. अब्जावधी डॉलर मिळविणाऱ्या या कंपनीला कराच्या दृष्टीने जगात कोठेच घर नव्हते. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅपलकडून १३ अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश आयर्लंडला दिला. नवलाची गोष्ट ही की, पैसे घ्यावयाचे त्या आयर्लंडनेच आदेशाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, कारण तेथील कमी कर हेच त्या देशाचे आकर्षण होते. खालच्या न्यायालयाने २०२० मध्ये आदेश रद्द केला. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा कायम केला.

आयर्लंडचे हे वर्तन एकट्याचे नव्हते. १९८० च्या सुमारास कंपन्यांवरील कराचा जगातील सरासरी दर ४० टक्क्यांच्या आसपास होता. २०२० पर्यंत तो २४ टक्क्यांच्या आत आला. भारतानेही सप्टेंबर २०१९ मध्ये देशी कंपन्यांसाठी, सवलती सोडण्याच्या अटीवर, २२ टक्क्यांचा दर देऊ केला. प्रत्येक देश शेजाऱ्याहून खाली उतरू लागला की कोणालाच तळ सापडत नाही. या उतरंडीला बांध घालण्यासाठी जी-२० देशांनी २०१३ मध्ये काम हाती घेतले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने करटाळणीमुळे बुडणारे उत्पन्न दरसाल १०० ते २४० अब्ज डॉलर असावे असा अंदाज २०१५ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मान्य केले की, ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या समूहांवर निदान १५ टक्के कर पडावा. एका देशाने तो घेतला नाही तर दुसऱ्याने घ्यावा. बेटावर नफा नेण्यातील लाभच त्यामुळे आटतो. २०२४ पासून युरोपातील बहुतेक देश, ब्रिटन, जपान यांनी हे नियम लागू केले. परंतु जून २०२५ मध्ये सात श्रीमंत देशांच्या गटाने अमेरिकेच्या कंपन्यांना या व्यवस्थेच्या मुख्य नियमांतून वगळण्यास संमती दर्शविली. ग्राहक जेथे असतील तेथे नफ्याचा काही वाटा देण्याची, त्याच कराराची दुसरी योजना तर अजून कागदावरच आहे. ती होईपर्यंतची सोय म्हणून भारताने २०१६ पासून परदेशी कंपन्यांच्या इंटरनेटवरील जाहिरातींवर लावलेला समकरण कर १ एप्रिल २०२५ पासून उठविला. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने नव्या कर-करारनाम्याच्या वाटाघाटींची रूपरेषा स्वीकारली, ती विकसनशील देशांच्या आग्रहाने. मेक्सिको आणि लंडन यांच्यातील जुना वाद अशा रीतीने पुन्हा एकदा टेबलावर आला आहे.

हा सारा वाद तज्ज्ञांचा आहे, सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध अगदी निकटचा आहे. शाळा, रस्ता, दवाखाना यांचा खर्च कोणाकडून तरी यावयाचाच असतो. पगारदाराचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याला आपला पगार केमन बेटावर मिळाला असे दाखविता येत नाही. गल्लीतल्या दुकानदाराला आपल्या दुकानाचे नाव कन्येकडून भाड्याने घेता येत नाही. म्हणून ज्याला हलता येते त्याने सोडलेला भार, ज्याला हलता येत नाही त्याच्या खांद्यावर येतो.

तागाच्या त्या गिरणीचा निकाल लागला तेव्हा डोके कोठे आहे एवढेच न्यायालयाने पाहिले. हात कोठे राबतात, माल कोण विकत घेतो, रस्ते आणि बंदरे कोणाची वापरली जातात, हे प्रश्न त्या दिवशी मागे राहिले. गेल्या शतकभरातील समित्या, करार आणि खटले म्हणजे त्या मागे राहिलेल्या प्रश्नांकडे परत येण्याची धडपड आहे. कंपनीला चूल नसेल. परंतु ज्यांच्या चुलीवर तिचा नफा शिजतो, ती माणसे कोठे राहतात हे शोधण्यास अद्याप कोणालाही फारसा त्रास पडलेला नाही.